ऐकणारी ख्रिस्तसभा आणि सुवार्तेचे काम

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये आरंभलेली सिनडची वाटचाल २६ ऑक्टोबर २०२४ रोजी अंतिम दस्तऐवजाच्या मंजुरीने एका मुक्कामाला पोहोचली. त्यावर स्वतःचे वेगळे प्रबोधनपत्र न लिहिता पोप महोदयांनी तो दस्तऐवज जसाच्या तसा ख्रिस्तसभेच्या हाती दिला. २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभूच्या घरी गेले आणि ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी ही वाटचाल पुढे चालू ठेवली. ठरलेल्या कार्यक्रमानुसार जून २०२५ ते डिसेंबर २०२६ हा काळ स्थानिक ख्रिस्तसभांतील अंमलबजावणीसाठी राखून ठेवण्यात आला आहे. २०२७ च्या पूर्वार्धात धर्मप्रांतांनी आपापल्या मूल्यमापन सभा घ्यावयाच्या आहेत आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये रोम येथे ख्रिस्तसभेचा व्यापक मेळावा व्हावयाचा आहे.

या साऱ्या प्रवासात एक शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की तो ऐकून ऐकून कान किटावेत, आणि तो शब्दही नेमका ‘ऐकणे’ हाच होता! ख्रिस्तसभेने ऐकावे, धर्मगुरूंनी प्रापंचिकांचे ऐकावे, सर्वांनी मिळून पवित्र आत्म्याचे ऐकावे. आपल्या धर्मग्रामांतूनही प्रश्नावल्या वाटल्या गेल्या, बैठका झाल्या, अहवाल लिहिले गेले आणि वर पाठविण्यात आले. पुष्कळांच्या मनात त्यामुळे अशी समजूत रुजली की ऐकणे म्हणजे ख्रिस्तसभेच्या अंतर्गत कारभारातील एक सुधारणा होय. सुवार्ताप्रसार हे निराळे खाते आणि ते बोलण्याचे खाते, असा हिशेब सहजपणे मांडला जातो. प्रवचन, धर्मशिक्षण, साधनासभा, पुस्तिका, ध्वनिफिती आणि आता मोबाईलवरील चित्रफिती ही सारी बोलण्याची साधने आहेत. आमच्या मते या हिशेबातच गफलत आहे, आणि ती दुरुस्त झाली नाही तर २०२७ च्या सभेत आपण केवळ आणखी एक अहवाल वाचून दाखवू.

प्रथम रोममध्ये काय घडले ते पाहू या, कारण वर्तमानपत्रांनी त्यातील वादाचे विषय तेवढे उचलले आणि पद्धतीकडे फारसे लक्ष दिले नाही. ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ या दोन्ही अधिवेशनांत प्रतिनिधी सहाव्या पौलांच्या नावाच्या सभागृहात गोल मेजांभोवती बसले होते. एकाच मेजावर कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी, प्रापंचिक पुरुष आणि स्त्रिया बसल्या. पूर्वीच्या सिनडमध्ये उतरत्या रांगांतून बसलेले सदस्य क्रमाने भाषण वाचीत आणि पुढचा वक्ता आपले टिपण चाळीत राही. या वेळी ‘पवित्र आत्म्यातील संवाद’ नावाची पद्धत वापरली गेली. पहिल्या फेरीत प्रत्येकाने ठरावीक मिनिटे बोलायचे; कोणी मध्ये तोंड घालायचे नाही, उत्तर द्यायचे नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचे मत पुन्हा न मांडता, इतरांच्या बोलण्यातील काय मनाला भिडले, काय खटकले, एवढेच सांगायचे. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत खुली चर्चा, आणि कुठे एकमत आहे, कुठे मतभेद आहे, याची नोंद.

दुसरी फेरी ही या पद्धतीची खरी कसोटी होय. पहिल्या फेरीत ज्याने ऐकले नाही त्याच्यापाशी दुसऱ्या फेरीत सांगण्यासारखे काही उरत नाही. आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकांत ही एक फेरी जरी लागू केली तरी पुष्कळांची पंचाईत होईल, हे वाचक जाणतातच.

तथापि ही झाली आपसांतील गोष्ट. श्रद्धा दुसऱ्याला सांगणे आणि दुसऱ्याचे ऐकणे यांचा संबंध काय, याचे उत्तर शुभवर्तमानातच शोधले पाहिजे.

अम्माउसच्या वाटेवरचा प्रसंग (लूक २४:१३-३५) आपण दरवर्षी पुनरुत्थानकाळात ऐकतो. पुनरुत्थित प्रभू त्या दोघा शिष्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागतो आणि तुम्ही कशाविषयी बोलत आहात, असे विचारतो. क्लेओपास जवळजवळ त्याला झिडकारतोच. यरुशलेममध्ये राहून एवढी मोठी घटना ठाऊक नसलेला तू एकटाच काय, असा त्याचा सूर आहे. ज्याच्यावर ती घटना घडली त्यालाच हे ऐकवले जात आहे! यावर प्रभू काय करतो? कोणती घटना, असे पुन्हा विचारतो. मग ते दोघे सारे सांगतात: क्रूस, थडगे, स्त्रियांची साक्ष आणि त्यांच्या मोडून पडलेल्या आशा. जगातील सर्वांत मोठी शुभवार्ता ज्याच्यापाशी आहे तो ती ओठांवर अडवून धरतो आणि तिच्याविषयीची चुकीची, अर्धवट, निराश हकीगत शेवटपर्यंत ऐकून घेतो. त्यानंतरच मोशेपासून आरंभ करून तो शास्त्राचा उलगडा करतो. त्यातही तो त्यांना बरेच खडसावतो, हे विसरता कामा नये. ऐकणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. परंतु ते खडसावणे त्यांच्याच बोलण्यातील तुटलेल्या जागी नेमके बसते, कारण ती जागा त्यांनीच दाखविलेली असते.

प्रेषितांच्या कृत्यांतही हेच दिसते. गाझाच्या रस्त्यावर फिलीप रथामागे धावतो (प्रे. कृ. ८:२६-४०). इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यशया वाचीत आहे, हे त्याच्या कानांवर प्रथम पडते. मग तो प्रश्न विचारतो. मग त्याला रथात बसण्याचे आमंत्रण मिळते. मग खजिनदारच विचारतो की संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो. फिलीप त्याच वचनापासून सुरुवात करतो. अथेन्समध्ये पौल शहरभर हिंडतो, वेद्या न्याहाळतो आणि अरेओपागात उभा राहतो तेव्हा त्या लोकांच्याच कवींचा दाखला देतो (प्रे. कृ. १७). तो दाखला देण्यासाठी ते कवी त्याने आधी वाचले किंवा ऐकले असले पाहिजेत. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध राहा, असे सांगतो. या वचनावर प्रवचने पुष्कळ होतात, पण त्यात एक प्रश्न गृहीत धरला आहे हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. उत्तराची तयारी आपण करतो. प्रश्न मात्र कोणीतरी विचारावा लागतो. आणि ज्याने आपल्याला कधी काही विचारले नाही त्याला माणूस स्वतःहून काही विचारावयास जात नाही.

पोप फ्रान्सिस यांनी ‘शुभवर्तमानाचा आनंद’ या २०१३ च्या प्रबोधनपत्रात (परिच्छेद १२७ व १२८) दैनंदिन जीवनातील सुवार्ताप्रसाराचा क्रमच सांगितला आहे. पहिली पायरी व्यक्तिगत संवादाची. त्यात समोरच्याने आपले आनंद, आशा आणि चिंता बोलून दाखवायच्या. त्यानंतरच देवाचा शब्द पुढे करायचा. २०२२ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा त्यांचा संदेश तर अंतःकरणाच्या कानाने ऐकणे याच विषयाला वाहिलेला होता. माणसाची सर्वांत मोठी गरज कोणती, असे एका अनुभवी वैद्याला विचारले असता, आपले कोणीतरी ऐकावे ही न संपणारी इच्छा, असे उत्तर त्याने दिल्याचे त्या संदेशात नमूद आहे.

हे सारे बाहेरून आलेले नवे शास्त्र आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने मराठी ख्रिस्ती परंपरेच्या मुळाशी जावे. आपल्या परंपरेचा पहिला मोठा ग्रंथच एका श्रोत्याच्या मागणीतून जन्मला आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, प्रामुख्याने साष्टी भागात राहिले. (ही साष्टी गोव्यातील, मुंबई-ठाण्याची नव्हे.) येथील भाषा त्यांनी इतक्या लक्षपूर्वक ऐकल्या की १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे, असे ते नोंदवून गेले. युरोपातील पंडितांना हे नाते शास्त्र म्हणून मांडण्यासाठी आणखी दोनशे वर्षे लागली. ऐकणारा कान काय करू शकतो त्याचा हा एक पुरावा मानावयास हरकत नाही.

ते दिवस मात्र ऐकण्याचे नव्हते. सत्तेने देवळे पाडली होती आणि जुन्या धर्मग्रंथांवर बंदी घातली होती. त्याच १५८३ साली २५ जुलै रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांना ख्रिस्तसभा हुतात्मे म्हणून मान देते, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. बोलावणे संवादाचे आणि हेतू सूडाचा! त्यानंतर त्या गावाने पाद्र्याच्या शब्दावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा? फादर स्टीफन्स यांनी स्वतः त्या हुतात्म्यांची शवे मिळविली, असे त्यांच्या चरित्रातून कळते. म्हणजे या साऱ्याची झळ त्यांना जवळून लागली होती.

या पार्श्वभूमीवर ‘क्रिस्तपुराण’ वाचले पाहिजे. १६१६ मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. त्या काळी देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला, पण भाषा मराठी आणि साज ओवीचा. ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उभा राहतो आणि आपली अडचण मांडतो. तुम्ही शिकविता ते चांगलेच आहे, परंतु आमची जुनी पुराणे गेल्यावर त्यांच्या जागी वाचावयास, मन रमवावयास आमच्यापाशी काही नाही. तसे काही द्याल तर बरे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पाद्री त्याला गप्प बसवीत नाही. प्रश्नोत्तरीत सारे आहे, तेवढे पाठ कर, असेही म्हणत नाही. तो पुराण सांगू लागतो.

त्या ब्राह्मणाचे म्हणणे नीट पाहिले तर त्यात शिकवणुकीविषयी तक्रार नाही. वियोगाचे दुःख आहे. संध्याकाळी दिवा लावल्यावर घरात ज्या ओव्या म्हटल्या जात त्या थांबल्या आहेत आणि घर सुने झाले आहे. सिद्धांत पाठ करून ते सुनेपण भरत नाही. हे दुःख ज्याला ऐकू आले त्यानेच पुढची अनेक वर्षे ओव्या रचण्यात घालविली. लोकांना समजावे म्हणून मराठीत त्यांच्या रोजच्या बोलीतील शब्द मिसळले, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, कथेच्या ओघात श्रोत्यांना शंका विचारू दिल्या. पुढे मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हे पुराण वाचले गेले. सत्तेने जे बळाने लादले त्यापैकी किती मनात उतरले ते देव जाणे, परंतु हे उतरले.

अर्थात त्या ग्रंथाला आजच्या अर्थाने आंतरधर्मीय संवाद म्हणणे म्हणजे इतिहासाला गोड रंग देणे होईल. फादर स्टीफन्स यांनी आपल्या नवख्रिस्ती कळपाचे ऐकले. त्या कळपाबाहेरच्यांच्या श्रद्धेचे तिच्याच अंगाने ऐकणे त्या युगात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते दार २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेद्वारे उघडले. पुढे १९७४ मध्ये तैपेई येथे आशियाई बिशपांच्या महासंघाने गरिबांशी, संस्कृतींशी आणि धर्मांशी संवाद हीच आशियातील सुवार्ताप्रसाराची वाट ठरविली. सिनडच्या निमित्ताने फेब्रुवारी २०२३ मध्ये बँकॉक येथे भरलेल्या आशियाई सभेने तर आपल्या दस्तऐवजात पादत्राणे काढून आत शिरण्याची प्रतिमा वापरली. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या देवळात आपण वहाणा बाहेर काढतो. आपल्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. युरोपीय वाचकाला मात्र यावर टीप द्यावी लागत असेल.

प्रॉटेस्टंट परंपरेतील असले तरी ज्यांची गीते आपल्या चर्चमध्येही आपलेपणाने गायिली जातात त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण येथे आठवते. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांशी संस्कृत काव्याविषयी आदराने गप्पा केल्या आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांना त्यांचे नावही पुढे कधी कळले नाही. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी स्नानसंस्कार घेतला. त्या प्रवाशाने वाद घालून त्यांना हरविले असते तर काय झाले असते याची कल्पना टिळकांचा स्वभाव ज्यांना ‘स्मृतिचित्रां’वरून ठाऊक आहे ते करू शकतील!

मराठी मातीला तर श्रवणाचे महत्त्व नव्याने शिकविण्याची गरजच नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते, कीर्तन त्यानंतर. आमच्याकडे मात्र सुवार्तेच्या नावाने बहुधा कीर्तनापासूनच आरंभ होतो.

आता आपल्या आजच्या परिस्थितीकडे वळू. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नित्य सहाय्य मातेचा नोव्हेना १९४८ पासून दर बुधवारी चालतो. तेथे येणाऱ्यांत अख्रिस्ती भाविकांची संख्या मोठी असते. लोक आपल्या विनवण्या आणि आभार चिठ्ठीवर लिहितात. बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत घेऊन माउलीपुढे ठेवले जातात. श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेलाही सर्व धर्मांचे लोक लोटतात. मेणाचे घर हातात धरून उभी असलेली ती बाई काहीतरी सांगत आहे. घर नाही, किंवा घर आहे पण त्यात सुख नाही. ती आपल्या अंगणात स्वतःच्या पायांनी आली आहे. तिला बोलावण्यासाठी आपण काही केलेले नाही, आणि ती धर्म बदलण्यासाठीही आलेली नाही. रांग, वाहतूक, मेणबत्त्या आणि स्वयंसेवक यांची व्यवस्था आपण चोख ठेवतो, ते आवश्यकच आहे. पण तिच्याजवळ दहा मिनिटे बसून, माय, काय झाले, असे विचारणारे माणूस नेमण्याची व्यवस्था किती ठिकाणी असते? असे कोणी बसले आणि तिने मन मोकळे केले, तर ती परत गेल्यावर ख्रिस्ताविषयी काय सांगेल याचा विचार करावा.

याउलट जे आपल्यातून गेले त्यांच्याकडे पाहू. काही कॅथलिक कुटुंबे निरनिराळ्या प्रार्थनासमूहांकडे वळली आहेत, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याविषयी आपल्याकडे सैद्धांतिक उत्तरांची कमतरता नाही: पवित्र मरियेचा मान, सात संस्कार, प्रेषितीय परंपरा. ही उत्तरे बरोबरच आहेत. परंतु ही कुटुंबे सिद्धांत तपासून गेली असे क्वचितच आढळते. घरात आजारपण होते, दारूचा त्रास होता, मुलीचे लग्न मोडले होते, आणि त्या वेळी कोणीतरी घरी येऊन बसले, सारे ऐकले, प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना केली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. आमच्याकडे त्याच वेळी रविवारच्या मिस्सानंतर फंडाची घोषणा चालू होती. हे थोडे कडक झाले असेल, पण सिनडच्या अहवालांत अशा कुटुंबांच्या तोंडचे शब्द आले नसतील तर ते अहवाल अपुरे आहेत. तीन वर्षे जगभर ऐकण्याचा उपक्रम झाला आणि अनेक देशांत त्यात प्रामुख्याने तेच बोलले जे एरवीही चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसतात, ही बाब ख्रिस्तसभेने स्वतःही नाकारलेली नाही.

तरुणांचे तसेच. अन्य धर्मातील जोडीदार निवडलेला मुलगा किंवा मुलगी घरी सांगते तेव्हा त्या घरात कोण बोलते आणि कोण ऐकते, हे वाचकांस ठाऊक आहे. फादरकडे नेले जाते तेही बहुधा समज देण्यासाठी. जो ऐकून घेईल त्याच्याकडे ती मुले पुन्हा येतात, लग्नानंतरही, बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळीही. बाकीच्यांकडे ती फक्त दाखल्यासाठी येतात.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ऐकत बसलो तर ख्रिस्त सांगणार कधी? संवादाच्या नावाखाली सुवार्ताप्रसार गुंडाळून ठेवण्याची ही सोय तर नव्हे? पोप सहावे पौल यांनी सुवार्ताप्रसारावरील १९७५ च्या आपल्या प्रबोधनपत्रात हे स्पष्ट केले आहे की शब्दाविना दिलेली साक्ष लोकांच्या मनात प्रश्न जागे करते, परंतु प्रभू येशूचे नाव, त्याची शिकवण आणि त्याचे जीवन कधीतरी उघडपणे सांगितलेच पाहिजे. १९९१ च्या ‘संवाद आणि घोषणा’ या रोमच्या दस्तऐवजातही दोन्ही ख्रिस्तसभेच्या कार्याचे अंग मानले आहेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये असे बजावले आहे. तेव्हा आक्षेपातील भीती खरी आहे. मात्र आपल्या धर्मग्रामांत अति ऐकल्यामुळे सुवार्ता मागे पडली, असे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरविषयक कायदे केले आणि त्यानंतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि तो आपण कायदेशीर मार्गाने जपला पाहिजे. पण संशयाच्या वातावरणात प्रत्येक शब्दाचा, प्रत्येक मदतीचा अर्थ आमिष असा लावला जातो. अशा वेळी काही जण मूक होतात, तर काही जण आवाज चढवितात. ज्याच्या शेजारी आपण वीस वर्षे राहिलो, ज्याच्या आजारपणात त्याची हकीगत ऐकली, तो शेजारी आपल्याविषयी पसरविलेल्या अफवेवर चटकन विश्वास ठेवीत नाही. येथे सावधगिरीची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ऐकणे हे जर धर्मांतराकडे नेणारे गळ म्हणून वापरले गेले, तर ते ऐकणे नव्हेच, आणि समोरच्याला ते लगेच कळते. असोळण्याच्या किल्ल्यातील बोलणी आठवावी.

सिनडमध्येही या विषयावर एकमत झाले नाही. ‘श्रवण आणि सोबत’ यासाठी ख्रिस्तसभेने स्वतंत्र सेवापद निर्माण करावे, अशी सूचना पुढे आली होती. काहींच्या मते त्यामुळे या कामाचे महत्त्व अधोरेखित झाले असते. इतरांनी असे म्हटले की ऐकणे हे प्रत्येक स्नानसंस्कारित व्यक्तीचे कर्तव्य आहे, ते मूठभरांकडे सोपवू नये. आम्ही दुसऱ्या मताच्या बाजूने आहोत. पद निर्माण झाले की गळ्यात पदक येते, वर्षाला एक शिबिर होते, आणि बाकीच्यांना वाटते की आता आपली सुटका झाली. प्रशिक्षण मात्र हवे. धर्मशिक्षकांना, लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांना, आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांना हवे, आणि सेमिनरीतील विद्यार्थ्यांना तर नक्कीच हवे, कारण प्रवचन कसे करावे याचे धडे तेथे आहेत तितके दुसऱ्याचे कसे ऐकावे याचेही असावेत.

या प्रशिक्षणात सर्वांत आधी काय शिकवावे? आमच्या मते तोंड बंद ठेवणे, आणि तेही दोन अर्थांनी. बोलणाऱ्याला मध्येच तोडून, आमच्याकडेही असेच झाले होते, म्हणत आपली कथा सुरू न करणे हा एक अर्थ. दुःखाच्या घरी भेटायला जाणारे आपण सारे या बाबतीत काय करतो ते आठवून पाहावे. दुसरा अर्थ अधिक कठीण आहे. आपली गावे लहान, नाती गुंतलेली. सकाळी एका ओट्यावर सांगितलेले दुपारपर्यंत तिसऱ्या आळीत पोहोचते. म्हणून ज्याला खरोखर काही सांगायचे आहे तो गावात सांगतच नाही. तो दूरच्या धर्मग्रामात जाऊन कुमसार करतो किंवा कोठेच बोलत नाही. प्रायश्चित्त संस्कारातील गुप्ततेला ख्रिस्तसभेने जो कडेकोट पहारा दिला आहे त्याचे मोल येथे कळते. जेथे ऐकलेले जपले जाते तेथेच माणूस बोलतो. अत्याचाराला बळी पडलेल्यांचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकले गेले नाही, किंवा ऐकून दडपले गेले, यामुळे जगभर ख्रिस्तसभेच्या साक्षीला जो तडा गेला तोही याच प्रकरणाचा भाग आहे. जपणे आणि दडपणे यांतील फरकसुद्धा ऐकणाऱ्याला शिकविला पाहिजे: पहिल्यात सांगणाऱ्याचे रक्षण असते, दुसऱ्यात संस्थेचे.

काही गोष्टी तर खर्चाशिवाय आजच होण्यासारख्या आहेत. शनिवारी संध्याकाळी कुमसारासाठी अर्धा तास ठेवला असेल तर तो रांग संपेपर्यंत लांबवावा. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत पहिली फेरी कोणीही मध्ये न बोलता पूर्ण व्हावी. चर्चमध्ये न येणाऱ्या घरांना भेट देणाऱ्यांनी पहिल्या भेटीत, का येत नाही, हा प्रश्नच विचारू नये. तो प्रश्न नसून आरोप असतो. यात्रेच्या आणि नोव्हेनाच्या ठिकाणी एक शांत खोली, दोन खुर्च्या आणि आळीपाळीने बसणारी चार समंजस माणसे ठेवावीत. त्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण मेणाचे घर आणि मेणाचे बाळ घेऊन येणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात.

२०२७ च्या पूर्वार्धात होणाऱ्या धर्मप्रांतीय सभेला प्रत्येक धर्मग्रामाचे प्रतिनिधी जातील. तेथे किती बैठका झाल्या, किती प्रश्नावल्या भरल्या, किती जण हजर होते, हे आकडे मागितले जातीलच. त्याबरोबर प्रतिनिधींनी एक कागद आणखी न्यावा असे आम्ही सुचवितो: आपल्या हद्दीतील चर्चमध्ये येणे सोडलेल्या पाच जणांनी, आणि कधीही ख्रिस्ती नसलेल्या पाच शेजाऱ्यांनी, आपल्याविषयी काय सांगितले ते, त्यांच्याच शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन, नावे न लिहिता. त्याखाली आपले स्पष्टीकरण जोडू नये. हा कागद तयार करण्यासाठी त्या दहा जणांकडे निदान दोनदा तरी जावे लागेल, कारण पहिल्या भेटीत कोणी खरे बोलत नाही. काम आताच हाती घ्यावे. पावसाळ्यात लोक घरी भेटतात.